आजीचा आवाज आणि जुनं 'निरो'



आमच्या ग्रामसंघाच्या कपाटात एक सीडी आहे. बारा वर्षांपूर्वी गटातल्या एका आजीनं जात्यावर बसून ओव्या म्हटल्या, त्या तिच्यात आहेत. आजी आता नाहीत. मागच्या महिन्यात सीडी लावली, तर तिसऱ्याच ओवीला आवाज अडखळला. काळजात धस्स झालं. दुसरी प्रत काढलेलीच नव्हती; चूक आमचीच.

आपल्या माजलगावच्या बायांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या काही आजही ऐकायला मिळतात, कारण कुणीतरी त्या जपल्या. आपल्या आजीचा आवाज आपणच जपायचा.

आमच्या जुन्या संगणकात 'निरो ७' होतं. सीडी राइट करायचं हे २००५ सालचं जर्मन सॉफ्टवेअर. आठवडाभर वापरून पाहिलं. कसं आहे ते सांगतो.

चांगलं काय? गाण्याच्या सीडीतला आवाज ते संगणकात उतरवून घेतं. एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. सोबतच्या 'वेव्ह एडिटर'मध्ये नको तो भाग कापता येतो. मग नवी सीडी काढता येते. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं बसतात आणि ती जुन्या प्लेअरवरही वाजते. डेटा सीडीत ७०० एमबी, म्हणजे साध्या दर्जाच्या एमपीथ्री फाइलींचे अकरा-बारा तास बसतात. डेटा सीडी काढताना 'व्हेरिफाय'वर खूण करा, म्हणजे लिहिलेलं नीट उतरलं का, हे ते स्वतः तपासतं. ऑडिओ सीडी मात्र आपणच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची.

खटकलं काय? व्हिडिओ, कव्हर, बॅकअप असा मोठा पसारा. आपल्याला त्यातलं दोन-तीनच लागतं. सगळं टाकलं तर जुना संगणक जड होतो. हवं तेवढंच निवडा. आणि ओरखडा गेलेली सीडी कोणतंही सॉफ्टवेअर नवी करत नाही. सीडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही.

मग घ्यावं का? आधीच असेल तर वापरा. नसेल तर पैसे घालू नका. साधी सीडी विंडोजमधूनही निघते. फुकट मिळालेली चोरटी प्रत गटाच्या हिशेबाच्या संगणकात टाकू नका. व्हायरस शिरला तर हिशेब जाईल.

आजींच्या दोन ओव्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. आता एक प्रत कपाटात, एक पेनड्राइव्हवर, एक आजींच्या लेकीकडे आहे.

तुमच्याही पेटीत अशी सीडी असेल. या रविवारी काढा, वाजवून बघा. वाजतेय तोवरच दुसरी प्रत काढा.