सागवान भंगारात, भुसा दिवाणखान्यात

(एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



दिवाळीपूर्वीचा साफसफाईचा आठवडा हा मराठी मध्यमवर्गीय घरातील एका मूक निर्वासनाचा काळ असतो. माळ्यावरची घडवंची, वेत फाटलेली आरामखुर्ची, एका पायाने लंगडा झालेला चौरंग, गंजलेली लोखंडी ट्रंक अशा वस्तू एकेक करून जिना उतरतात आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊन बसतात. वजनावर भाव ठरतो, शे-दोनशे रुपये हाती येतात आणि घर मोकळे झाल्याचे समाधान मिळते. त्याच आठवड्यात हप्त्यांवर घेतलेले नवे, चकचकीत कपाट दारात उतरते. आत काय गेले आणि बाहेर काय आले, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहण्यासारखा आहे. बाहेर गेली ती घडवंची बहुधा सागाची असते. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पाणी त्याचे फारसे बिघडवू शकत नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये समुद्रात उतरली. दोनशे वर्षे उलटली, तरी ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहावयास जातात. आजोबांच्या खुर्चीचे लाकूडही त्याच कुळातले. पन्नास-साठ पावसाळे पाहून ते इतके मुरलेले असते, की आता ते ना आकसते, ना वाकते. असे लाकूड आज नव्याने विकत घ्यावयाचे म्हटले, तर सामान्य नोकरदाराची छाती होणार नाही.

आणि आत येते ते काय? लाकडाचा भुसा आणि चुरा रासायनिक डिंकात कालवून, दाबून केलेली फळी, वर सागाच्या रेषा छापलेला पातळ थर. कोकणातला किंवा मुंबईतला एक पावसाळा भिंतीतून पाझरला, की ही फळी कडेने फुगते. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला, की पुन्हा त्या भोकात धरत नाही. तिची दुरुस्ती कोणताही सुतार करून देत नाही, कारण दुरुस्त करण्याजोगे तिच्यात काही नसतेच. दरम्यान भंगारात गेलेली घडवंची ओशिवऱ्याच्या किंवा चोर बाजाराच्या एखाद्या दुकानात पोचते, तिथे कोणीतरी तिला पॉलिश करतो आणि ती ‘पुरातन वस्तू’ म्हणून मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते. घेणारा कधी कधी त्याच घरातला, वेगळा संसार थाटलेला नातू असतो!

असे का घडते? बाजाराचा रेटा हे एक कारण आहेच. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हाच त्यांनी या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते. गरज आहे म्हणून उत्पादन, हा क्रम उलटून उत्पादन खपावे म्हणून गरज निर्माण करावयाची, जुने टाकावयास आणि नवे घ्यावयास माणसाला भाग पाडावयाचे, हे पाश्चात्त्य अर्थरचनेचे लक्षण त्यांनी सांगितले. त्या काळी आपल्याकडे एक रेडिओ वीस वर्षे वापरला जाई. आज तोच विचार घराघरात मोबाइलच्या पडद्यावरून शिरला आहे.

पण दोष सर्वस्वी बाजाराच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. दुसरे कारण घरातलेच आहे आणि ते बोलून दाखवण्यास जड जाते. शिकल्या-सवरल्या घरात पटाशी, रंधा, कुंचला ही अवजारे हाती घेणे कमीपणाचे मानले गेले. लेखणी श्रेष्ठ आणि हातोडी कनिष्ठ, ही उतरंड ज्या समाजाने मनात बाळगली, त्याच समाजात गोरोबाकाका मडकी घडवीत होते, सावता माळी मळा शिंपीत होते, नरहरी सोनार दागिने घडवीत होते आणि त्यांच्या चरणी तोच समाज डोके ठेवीत होता. संतांना वंदन करावयाचे आणि त्यांच्या व्यवसायाला हात लावावयाचा नाही, ही विसंगती आहे. परिणाम असा, की खुर्चीचा सांधा हलू लागला तर तो बसवण्याऐवजी खुर्चीच टाकून देणे पदवीधराला अधिक सुसंस्कृत वाटते. श्रमप्रतिष्ठेवर बौद्धिक ऐकणे सोपे असते. रविवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसणे शेजाऱ्यांच्या नजरेमुळे अवघड जाते.

जुन्या गावगाड्यातील एक गोष्ट या संदर्भात ध्यानी घेण्याजोगी आहे. सुताराने वर्षभर गावाची औते चालती ठेवावीत आणि सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते न्यावे, अशी रीत होती. मोबदला होता तो प्रामुख्याने वस्तू चालती ठेवण्याचा. औत जितके टिकाऊ, तितके सुताराचे श्रम वाचत, म्हणून ते पक्के करण्यातच त्याचे हित होते. आजच्या विक्रेत्याचे हित नेमके उलट बाजूला आहे. त्या व्यवस्थेतील जन्माची बेडी आणि कारागिराच्या वाट्याला आलेली अवहेलना यांचे समर्थन कोणी करू नये. पण टिकवण्याला मोल देणारी ती दृष्टी बेडीबरोबर फेकून देण्याचे कारण नव्हते.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे.

आरंभ एखाद्या पाटापासून किंवा चौरंगापासून करावा. कपाटाला एकदम हात घालू नये. प्रथम वस्तू नीट पाहावी. बोटाने ठोकून आवाज भरीव येतो की बद्द, हे ऐकावे. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर कीड आत जिवंत आहे असे समजावे आणि तिचा बंदोबस्त झाल्याखेरीज ती वस्तू अन्य सामानाजवळ ठेवू नये. मग साबणाच्या कोमट पाण्यात फडके पिळून ती पुसावी आणि सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली, तर लाकूड तडकण्याचे भय असते.

पाय हलत असेल, तर खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. घरगुती दुरुस्तीतले सर्वांत मोठे पाप ते हेच. खिळ्याने लाकूड फाटते आणि पुढे खऱ्या कारागिरालाही हात टेकावे लागतात. सांधा हलक्या हाताने सोडवावा, कुसू आणि खाच यांतील जुना सरस खरवडून काढावा, लाकडाचा डिंक लावून सांधा पुन्हा बसवावा. ढिला वाटल्यास सागाची बारीक पाचर सारावी. नंतर सभोवती सुतळी बांधून तीत एक काठी अडकवावी आणि पीळ देऊन आवळावी. चोवीस तास त्याला कोणी हात लावू नये. बारीक चिरांत लाकडाचाच भुसा डिंकात कालवून भरला, की रंग बऱ्यापैकी जुळून येतो.

यानंतर पॉलिश. जुने पॉलिश कशाचे आहे, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा तळाच्या न दिसणाऱ्या भागावर दाबावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. मग फारसे खरवडण्याची गरज नसते, कारण लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. अन्यथा १२० क्रमांकाचा आणि मग २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. आडवा फिरवला, तर ओरखडे उमटतात आणि पॉलिशनंतर ते अधिकच उठून दिसतात.

एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा लाख घालून रात्रभर ठेवावी, सकाळी गाळून घ्यावी. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात कापूस बांधून त्याचा बोळा करावा आणि लांब, हलके हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा सात-आठ पातळ हात द्यावेत आणि दोहोंमध्ये तासभर तरी जाऊ द्यावा. पावसाळ्यात हे काम काढू नये, कारण हवेतील दमटपणाने पॉलिशवर पांढरट छटा धरते. खंडेनवमीला अवजारांची पूजा करून काम आरंभावे आणि दिवाळीपर्यंत उरकावे, हा हवामानाच्या दृष्टीनेही उत्तम मुहूर्त आहे. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून देवघरातील निरांजन आणि स्वयंपाकघरातील शेगडी दोन्हींपासून दूर बसावे. पॉलिशऐवजी जवसाचे उकळलेले तेल लावले, तर तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवावीत किंवा दोरीवर पसरून वाळवावीत.

ही लाख येते कोठून? झारखंड, छत्तीसगड आणि पूर्व विदर्भातील वनवासी बांधव पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसतात. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांची येथे १९२४ पासून कार्यरत आहे. पॉलिशचा प्रत्येक हात म्हणजे पळसाच्या रानातील एखाद्या कुटुंबाच्या चुलीपर्यंत पोचणारा पैसा होय. स्वदेशी हा शब्द उच्चारताना डोळ्यांसमोर केवळ साबण आणि दंतमंजन यावे, असे नाही.

रंगवलेल्या वस्तूंबाबत एक सावधगिरीची सूचना. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर रोखणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून जुन्या पाळण्याचा किंवा खेळण्याच्या घोड्याचा रंग कोरडा घासून उडवू नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, नाका-तोंडाला मास्क लावावा, लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रीला त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि भुगा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावा. पाळणा घराण्याचा असला, तरी बाळापेक्षा मोठा नाही.

सागावर गुलाबी-निळे रंग फासून ‘नवे रूप’ देण्याची जी टूम परदेशी चित्रफितींतून आली आहे, तिच्याविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल, की पैठणीवर इस्त्रीचा छाप उमटवण्यासारखा तो प्रकार आहे. रंगाची हौस लोखंडी ट्रंकेवर भागवावी. तारेच्या ब्रशने गंज काढावा, रेडऑक्साइडचा एक हात द्यावा, त्यावर हवा तो तैलरंग. पिंजाऱ्याकडून एक गादी करून वर टाकली, की खिडकीखाली दोघांना बसावयास जागा होते आणि आत हिवाळ्याची पांघरुणे मावतात.

पांघरुणांवरून गोधडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. बौद्ध विनयग्रंथांत एक कथा आहे. पाचशे चीवरे दान मिळाली, तेव्हा इतक्या वस्त्रांचे करणार काय, असे राजा उदयनाने आनंदाला विचारले. ज्यांची चीवरे विरली त्या भिक्षूंना ती देऊ, जुन्या चीवरांची पांघरुणे, पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, त्यांची पायपुसणी, मग फडकी, आणि फडकीही झिजली की चिखलात कालवून जमीन सारवू, असे आनंदाने उत्तर दिले. राजाने प्रसन्न होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. आजीच्या नऊवारीची धावदोऱ्याने शिवलेली गोधडी याच परंपरेतली. दुपारी चार बायका एकत्र बसून ती शिवू लागल्या, की दूरदर्शनवरील मालिकेवाचून कोणाचे अडत नाही.

सर्वच कामे घरी करावीत, असा आग्रह मात्र नाही. वेताची खुर्ची विणणे कौशल्याचे काम आहे. अंध बांधवांसाठी चालणाऱ्या अनेक संस्थांत ते शिकवले जाते. चौकशी करून खुर्ची तेथे द्यावी. पितळेच्या पातेल्यात ताक कळकू लागले, की नवसागर आणि कथलाची कलई करणारा शोधावा. तो दारावर येईनासा झाला, कारण हाक मारणारे दार उरले नाही. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो, केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी अठरा व्यवसायांतील कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आरंभली. हे सारे योग्यच. परंतु योजनेतून अवजारे मिळालेल्या सुताराला काम मात्र गल्लीतल्या घरांनीच द्यावयाचे असते. आणि तो दारी आला, की घासाघीस करण्याआधी त्याला चहा विचारावा, मुलांना त्याच्याजवळ बसवावे. दोन तासांत ती जे शिकतील, ते कोणत्याही शिबिरात शिकवता येणार नाही.

संघशताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंचपरिवर्तनातील समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण आणि स्वबोध हे चार विषय एका जुन्या खुर्चीत सापडतात, असे सिद्ध करता येईल. पण खुर्ची आधीच मोडकी आहे, तिच्यावर एवढा भार नको. शिवाय प्रत्येक जुनी वस्तू राखण्याजोगी असतेच असे नाही. भुशाच्या फळीचे फुगलेले टेबल, पोखरून पोकळ झालेला खांब, जिचा उपयोगही नाही आणि जिच्याशी कोणाचा जिव्हाळाही नाही अशी वस्तू निःसंकोच निरोपावी. दोन खोल्यांच्या सदनिकेचे वस्तुसंग्रहालय करून घरातल्या सुनेला वाट काढावयास लावणे, हाही एक मोहच आहे.

शेवटी चौरंग करावयास घेणाऱ्यांसाठी एक सूचना. शेवटचा हात दिल्यानंतर आठवडाभर त्याच्यावर काही ठेवू नये. लाखेला ओलावा आणि उष्णता सोसत नाही; ओल्या तांब्याचे पांढरे वर्तुळ उमटते. पूजेच्या वेळी कलशाखाली ताम्हण आणि समईखाली ताटली असावी. एवढे करूनही डाग पडलाच, तर उरलेली लाख घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवलेली असावी. ती सहा महिने सहज टिकते.