पाहुणीला दार उघडे, घरच्या बाईचे काय?

(सौदी अरेबियाला जाणाऱ्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

तुमच्यापैकी काहीजणी उमऱ्याला निघाल्या आहेत, काही नर्सच्या नोकरीवर, काही मुलाकडे महिनाभर राहायला. तिथे काय घालायचे, एकटीने फिरता येते का, ते सांगा असे तुम्ही म्हणालात. ते सांगतेच. पण कुठल्याही देशात जाताना बाईने दोन प्रश्न बरोबर न्यावेत. पाहुणी म्हणून मला काय करता येईल? आणि तिथल्या बाईला काय करता येते, त्यासाठी तिने काय मोजले?

आधी देश समजून घेऊ. सौदी अरेबिया भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आकाराचा आहे. एवढ्या मोठ्या देशात बारमाही नदी एकही नाही. शहरांना समुद्राचे पाणी गोडे करून पुरवतात. दक्षिणेला रुब अल् खाली हे अफाट वाळवंट आहे, पण नैर्ऋत्येला असीरचे डोंगर आहेत, तिथे पाऊस पडतो, शेती होते. आजचे राज्य १९३२ साली स्थापन झाले आणि १९३८ साली तेल सापडले. जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हाळा सोसत नाही.

आता रीतभात. पर्यटकांसाठी देश २०१९ साली खुला झाला. परदेशी बाईवर अबाया घालण्याची सक्ती नाही. कपडे सैल असावेत, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. एकट्या बाईला हॉटेलात खोली मिळते. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. मक्का शहरात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. दारू बरोबर नेऊ नका. कुणाचा, विशेषतः बायकांचा, फोटो न विचारता काढू नका. आणि तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळच ठेवा.

इथपर्यंत कुठलीही पर्यटन पुस्तिका सांगेल. पुढचे ती सांगत नाही.

आज रियाधच्या रस्त्यावर गाडी चालवणारी बाई दिसली की थोडे मागे आठवा. ६ नोव्हेंबर १९९० रोजी याच शहरात ४७ जणी गाड्या चालवत रस्त्यावर उतरल्या. त्यांना पकडले, पासपोर्ट काढून घेतले, नोकरीवरून दूर केले. २०११ साली मनाल अल् शरीफने गाडी चालवतानाचे चित्रीकरण लोकांसमोर ठेवले आणि तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. शेवटी २४ जून २०१८ रोजी बंदी उठली. पण त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, ज्यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती त्या लुजैन अल् हथलूल, अझीझा अल् युसेफ, इमान अल् नफजान यांना अटक झाली होती. लुजैनला दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झाली. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली, तीही परदेशी जायला बंदी घेऊनच. हक्क द्यायचा, पण तो बायकांनी मिळवला असे कुणी म्हणता कामा नये, असा हा हिशेब आहे. राजाची मेहेरबानी म्हणून घ्या, आणि गप्प बसा.

बदल खोटे आहेत असे मी म्हणत नाही. २०१९ पासून २१ वर्षांवरील बाईला पालक-पुरुषाच्या परवानगीविना पासपोर्ट मिळतो. नोकरी करणाऱ्या बायकांचे प्रमाण काही वर्षांत जवळपास दुप्पट झाले आहे. २०२३ साली ३२ जणींची पहिली तुकडी मक्का-मदिना वेगवान रेल्वे चालवू लागली. पण मार्च २०२२ मध्ये आलेल्या कुटुंब-कायद्याप्रमाणे बाईच्या लग्नाला अजूनही पुरुष पालक लागतो. म्हणजे आगगाडी तिच्या हाती, लग्नाचा निर्णय मात्र पूर्णपणे तिचा नाही.

'इस्लाम म्हटला की हे असेच', असे कुणी म्हणाले तर थांबवा. पैगंबरांची पहिली पत्नी खदीजा मक्केतली व्यापारी बाई होती. इतर मुस्लिम देशांत बाया कधीपासून गाड्या चालवत होत्या. अल् उला जवळ हेग्रा येथे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे इस्लामच्याही आधीची, खडकात कोरलेली थडगी आहेत. तिथल्या काही शिलालेखांत बायकांची नावे मालक म्हणून आहेत. स्वतःसाठी आणि आपल्या मुलींसाठी त्यांनी ती करवून घेतली. तेव्हा दोष एका धर्माचा नाही, राजसत्ता, धर्मगुरू आणि घरातला पुरुष यांच्या युतीचा आहे. सौदी बाईच्या दुःखाची काठी करून इथल्या मुस्लिम बाईला कुणी मारू लागले, तर आपण त्यांच्यात नसावे.

आणि एक बाई तुम्हाला पुस्तिकेतच काय, रस्त्यावरही दिसणार नाही. ती घराच्या आत आहे. फिलिपाईन्स, इंडोनेशिया, केनिया, श्रीलंका, आणि आपल्याकडूनही गेलेली घरकामगार. देशाच्या मुख्य कामगार कायद्यात ती बसत नाही, तिच्यासाठी वेगळे नियम आहेत. २०२१ साली इतर कामगारांना मालक बदलण्याची थोडी मुभा मिळाली, त्यातून तिला वगळले. आपल्या सरकारनेही तीस वर्षांखालच्या कमी शिकलेल्या बायांना तिथे घरकामाला जायला मनाई केली, संरक्षणाच्या नावाखाली. पण पोट थांबत नाही. मग ती दलालाच्या वाटेने जाते आणि अडचणीत आली की कागदोपत्री कुठेच नसते. बाईला अडवून तिचे रक्षण होत नाही, हे आपणही शिकायचे आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जरूर जा. मदिना बघा, हेग्रा बघा, तिथल्या बायकांशी बोला. पण त्यांच्याकडून राजकीय मत वदवून घेऊ नका, त्याची किंमत त्यांना मोजावी लागते, तुम्हाला नाही. कुणी आपल्याकडची घरकामगार भेटली तर रियाधचा दूतावास आणि जेद्दाहचे वाणिज्य दूतावास यांचा पत्ता तिला लिहून द्या. परत आल्यावर 'किती मागासलेला देश' किंवा 'किती सुधारलेला देश' यापैकी एकच वाक्य घेऊन येऊ नका. काय पाहिले, आणि काय पाहू दिले नाही, दोन्ही सांगा. पुढच्या बैठकीत आपण ते ऐकू.