भुवईवरचे जुने गोंदण
(मंडळाच्या वर्धापनदिनी शेलू येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी भुवया कोरणारी बाई, मी कसले व्याख्यान देणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तेच सांगा. जुन्या गोंदवलेल्या भुवया घेऊन इतक्या जणी तुमच्याकडे येतात, त्याचे काय करावयाचे ते सांगा." तेव्हा विषय त्यांनीच दिलेला आहे, कोणास तो नटण्यामुरडण्याचा वाटला, तर थोडा धीर धरून ऐकावे.

गोंदण आपल्याला नवे नाही. आपल्या कर्जत तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर जा. तिथल्या म्हातार्‍या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट निळे ठिपके दिसतील. आपल्यापैकी कित्येकींच्या आजीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण होते. जत्रेत गोंदणारीण बसायची; दिव्याची काजळी कालवायची, दोनतीन सुया दोर्‍याने एकत्र बांधायची, आणि गाणे म्हणत पोरीला बोलण्यात गुंतवून टोचून काढायची. अंगावरचे दागिने शेवटी काढून घेतात, गोंदण मात्र आपल्याबरोबर येते, अशी त्या पिढीची श्रद्धा. मध्यंतरी एक नात आपल्या आजीला माझ्याकडे घेऊन आली. नातीला आजीचे गोंदण पुसून हवे होते. आजीला विचारले तर ती नुसती हसली आणि पदर सारखा करून उठलीच. मला त्या आजीचेच बरोबर वाटले. ते गोंदण तिच्या मर्जीचे, तिच्या जातीकुळाचे. त्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते. आपल्या सैन्यानेसुद्धा भरतीच्या वेळी आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रीतीप्रमाणे केलेल्या गोंदणापुरती सवलत ठेवलेली आहे.

मी ज्याबद्दल बोलणार ते दुसरे. गेल्या वीसपंचवीस वर्षांत शहरातून यंत्राने भुवया गोंदवून घेण्याची चाल आली. हे यंत्रही फार जुने आहे बरे का. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले, आणि त्याची कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून घेतलेली होती. ज्यांच्या भुवया विरळ, ज्यांना लहानपणी भुवईवर खोक पडलेली, स्टोव्हच्या भडक्याने ज्यांच्या भुवया गेल्या, अशा बायकांना हा मोठाच आधार वाटला. गोंदताना काळा रंग भरपूर भरला. त्या दिवशी छान दिसले. दहा वर्षांनी आरशात पाहावे तो एक भुवई निळी, दुसरी तांबूस, आणि मधला वण वर आलेला.

हे असे का होते? आपली वरची कातडी पातळ कागदाएवढी असते आणि सुमारे महिन्याभरात ती झडून नवी येते. तिच्यात रंग भरला तर तो टिकणारच नाही. म्हणून सुई तिच्या खालच्या थरात जावी लागते. तिथे रक्तातल्या पांढर्‍या पेशींच्या जातीच्या काही पेशी त्या रंगाला परकी वस्तू समजून गिळून बसतात. मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. एका पिढीचे ओझे दुसरीने उचलावे तसे! म्हणून गोंदण जन्मभर राहते, आणि हळूहळू पसरते व पुसटही होते.

रंग बदलण्याचे कारण वेगळे. काजळीसारखा काळा रंग खोल गेला म्हणजे वरच्या कातडीतून तो निळा दिसतो. हाताच्या शिरा निळ्या दिसतात त्यातलाच हा प्रकार. तपकिरी रंग पुष्कळदा अनेक रंगांची मिसळ असतो. त्यातला काळा अंश आधी फिका पडला की लोहाचा तांबडा अंश मागे उरतो आणि भुवई विटकरी होते. वरून गोंदणारीचा हात जड असेल तर प्रत्येक टोचणीची जखम होते. ती भरताना वण पडतो. आधीच वण असेल तर मग विचारूच नका.

आता मी एका काकूंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी आहे. नाव मात्र सांगणार नाही, ओळखणारणींनी मनातच ठेवावे. लहानपणी जोत्यावरून पडून त्यांची डावी भुवई फुटली, टाके पडले, तिथे पुन्हा केस आले नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी शहरात कोणाकडून तरी त्यांनी ती जागा गडद काळ्याने भरून घेतली. वणावर रंग काही ठिकाणी धरलाच नाही, काही ठिकाणी कडेबाहेर फुटला. मग वर्षभराने त्याच जागी पुन्हा टोचले. पुढे पुढे तर ती भुवई लांबून जखमेसारखी दिसू लागली. हळदीकुंकवाच्या फोटोत त्या कधी पुढे उभ्या राहिल्या नाहीत. घरात नवर्‍यासमोरसुद्धा पेन्सिल लावल्याशिवाय बसत नसत. मुलीचे लग्न महिन्यावर आले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गडद करून दोन्ही सारख्या करून दे."

मी नाही म्हटले. त्यांना राग आला. "तू नाही तर दुसरी करील," असे बोलून त्या गेल्या. साहजिक होते, विहीणबाईंसमोर उभे राहावयाचे होते त्यांना. दोन दिवसांनी त्यांची मुलगीच त्यांना परत घेऊन आली, तेव्हा मी जे सांगितले तेच तुम्हालाही सांगते.

जुन्या गडद रंगावर नवा गडद रंग चढवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना देणे. चार महिने बरे दिसते, मग आतले सगळे वर येते, शिवाय कातडी आणखी जाड होते. काही जणी कातडीच्या रंगाचा रंग टोचून जुने झाकून देतात. ते तर मुळीच करू देऊ नका. त्यात बहुधा टायटॅनियमचा पांढरा रंग असतो. पुढे कधी लेसर करावयाची वेळ आली तर त्याच्या झोताने तो पांढरा रंग काळपट पडण्याचा धोका असतो. लोहाच्या तांबड्या-तपकिरी रंगाचेही तेच. ही गोष्ट लेसर करणार्‍या डॉक्टरांना आधी सांगितली पाहिजे. ते आधी एखाद्या लहानशा जागी लावून पाहतात.

म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला दुखावले की काळे डाग पडण्याची खोड असते, आणि काहींच्या अंगाला वण जखमेच्या बाहेर वाढण्याची खोड असते. त्याला डॉक्टर किलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली असेल, देवीच्या लसीची खूण फुगून राहिली असेल, तर भुवईला सुई लावण्याआधी शंभरदा विचार करावा. मी तर अशा बाईला हातच लावत नाही. आपल्याकडून लोकल धरली की कुर्ल्याला किंवा दादरला गाडी बदलून शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, परळला के. ई. एम. आहे, भायखळ्याला उतरले तर जे. जे. आहे. तिन्ही ठिकाणी त्वचारोगाचे विभाग आहेत. एक दिवस रांगेत जाईल, पण तो वाया जाणार नाही.

जे. जे.चे नाव निघाले म्हणून सांगते. तिथे डॉ. नोशीर अंटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचे काम उभे केले, आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्यांच्या शस्त्रक्रियांना त्यात मोठे स्थान दिले. कुष्ठरोगात भुवया झडतात. हातपाय बरे झाले, रोग गेला, तरी भुवयांवाचून चेहरा पाहून लोक ओळखत आणि दार लावून घेत. भुवई म्हणजे निव्वळ नखरा असे म्हणणार्‍यांनी हे लक्षात घ्यावे. अमेरिकेत लुई बायर्स नावाच्या शल्यविशारदांनी १९४५ साली, कलम केलेल्या कातडीचा रंग गोंदून भोवतालच्या कातडीशी जुळवण्याविषयी लिहून ठेवले आहे. म्हणजे वणावर गोंदणे हे काम पार्लरात जन्मलेले नाही. ते दवाखान्यातही वाढलेले आहे.

काकूंचे डॉक्टरांनी तपासले. वण जुना, पांढुरका, मऊ होता. खाज नव्हती, लाली नव्हती. वण असा निवलेला असावा लागतो. ताज्या वणाला निदान वर्षभर तरी कोणी सुई लावू नये. काळा रंग आधी लेसरने फिका करावयाचे ठरले. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सोसतो, कारण तो वरच्या कातडीतला आपला नैसर्गिक रंग कमी जाळतो. दोन वेळांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. काकूंना तीन वेळा जावे लागले. लग्न अर्थातच पेन्सिलीवर पार पडले, आणि विहीणबाईंनी भुवईकडे पाहिलेही नाही असे काकू स्वतःच सांगतात!

त्यानंतर माझे काम. रंग फिका झाला तरी निळसर झाक उरतेच. तिच्यावर थोडा नारिंगीकडे झुकणारा रंग हलकेच दिला की ती मरते. विटकरी झाली असेल तर किंचित हिरवट. रांगोळीच्या रंगांची मिसळ करणारीला हे समजावून सांगावे लागणार नाही. मग वर छटा द्यावयाची. हल्ली मायक्रोब्लेडिंग म्हणून एक प्रकार आहे, त्यात पात्याने केसासारख्या बारीक रेघा कापतात. निरोगी कातडीवर त्या शोभतात. पण वणावर कापणे म्हणजे वणावर वण. शिवाय वणाची कातडी आतून घट्ट विणलेली असते, रेघ तिथे फुटते आणि पसरते. म्हणून मी रेघ ओढतच नाही. एकाच बारीक सुईने सुटेसुटे ठिपके. भुवईच्या आरंभी विरळ, शेपटीकडे दाट. पावडर लावल्यासारखे दिसते, म्हणून पार्लरात त्याला पावडर ब्रो म्हणतात. ठिपका रेघेपेक्षा गरीब; वणाने एखादा नाकारला तरी शेजारचा निभावून नेतो.

वणाच्या कडेला आधी चारपाच ठिपके देऊन मी दीड-दोन महिने थांबते. कातडी काय उत्तर देते ते पाहूनच पुढे जाते. एका बैठकीत भरून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. रक्त आले की रंग बाहेर पडतो, आणि घासत राहिले तर वण वाढतो. काकूंच्या दोन बैठका झाल्या, तिसरी व्हावयाची आहे. दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. वणाची उंची रंगाने सपाट होत नाही. उन्हात तिरक्या बाजूने पाहिले तर ती दिसते. हे आधी न सांगणार्‍या बाईकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी काही गोष्टी. गरोदरपणी नको. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. अंगावर कोड असेल तर टोचल्या जागी नवा डाग उमटू शकतो. सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे आणि तुमच्यासमोर टाकली गेली पाहिजे. रंग दुसरीच्या वाटीतला नको. जत्रेतल्या एकाच सुयांच्या जुडीने काविळीचे बी आणि सी हे प्रकार आणि एचआयव्हीसुद्धा एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात; जुन्या चालीचे कितीही कौतुक असले तरी एवढे तिचे सोडलेच पाहिजे. युरोपात २०२२ सालापासून गोंदण्याच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आले आहेत. तेव्हा बाटलीवर नाव, घटक आणि मुदत नसेल तर ती बाटली परत ठेवायला सांगण्यात लाजू नका. गोंदल्यावर खपली पडू द्यावी, नखाने काढू नये. आठदहा दिवस चुलीची धग, पोहणे, ऊन टाळावे. हळदीचा लेप नको. हळद गुणाची खरी, पण ताज्या टोचणीवर घरातली पूड म्हणजे घरातली धूळही आली.

शेवटी मंडळाच्याच कामाची एक सूचना. आपण रक्तदान शिबिर भरवतो. गोंदवल्यापासून बारा महिने रक्त देता येत नाही. तेव्हा वर्षभरात ज्यांनी भुवया किंवा हात गोंदवून घेतले असतील, त्यांनी शिबिराच्या यादीत नाव घालताना चिटणीसबाईंना तसे कळवावे. आणि ज्यांना यंदा रक्त द्यावयाचे आहे, त्यांनी माझ्याकडे शिबिरानंतर यावे.