तोंडाची कोरड
(राजापेठ येथील महिलांच्या प्रार्थनासभेत केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला आजाऱ्यांच्या सेवेवर बोला म्हटलं. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच लहान तुकडा घेते: आजारी आईवडिलांच्या तोंडाला पडणारी कोरड.

माझे वडील शेवटचे पाच आठवडे घरीच होते. जबड्याचा कॅन्सर, शेक देऊन झालेले. एप्रिल महिना आणि आपल्या वऱ्हाडातलं ऊन. घडीघडी म्हणायचे, "तोंड कोरडं पडलं व माय." मी नर्स, तीस वर्षं नोकरी केलेली, तरी मला आधी सुचलं ते सलाईनच. पायांवर सूज होती, तरी डॉक्टरांच्या मागे लागून मी ते लावून घेतलं. सूज वाढली, छातीत घरघर सुरू झाली, आणि जीभ होती तशीच, चामड्यासारखी.

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. शेक दिल्यावर लाळेच्या ग्रंथी सुकतात. मॉर्फिन, सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, नाकातला ऑक्सिजन, उघड्या तोंडाने घेतलेला श्वास, यांनीही कोरड पडते. अखेरच्या दिवसांत शिरेतून पाणी दिल्याने ती फारशी जात नाही. कोरड तोंडात असते, ती तोंडातच भागवावी लागते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका; डॉक्टरांना विचारा.

मग आम्ही काय केलं? जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा उकळून घेतला, बोटाला गुंडाळून गार पाण्यात बुडवला आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू हलकेच पुसली. जागे असताना दर तासा-दोन तासांनी. कवळी रात्री काढून ठेवायची. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, त्याच्या चुळा. गिळता येत होतं तोवर बर्फाचा लहानसा खडा, चमच्याने घोटभर पाणी, तेही उशा लावून, बसतं करून. पंख्याचा झोत तोंडावरून काढला. ओठांना पातळसं खोबरेल लावलं. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेल किंवा व्हॅसलिन नको, पाण्यात विरघळणारं मलम विचारून घ्या.

दोन गोष्टी करू नका. लिंबू-ग्लिसरीनचा बोळा फिरवू नका. क्षणभर बरं वाटतं, मग तोंड आणखी सुकतं, आणि फोड असले तर आग होते. दुसरं, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. नातेवाईक प्रेमाने ओततात, पण ते श्वासनळीत जातं. ओलं कापड पुरेसं आहे. जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी. तिला औषध आहे, दवाखान्यात दाखवा.

लूकच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत माणूस आठवा. ज्वालेत पडल्यावर त्याने घागर मागितली नाही. लाजराच्या बोटाच्या टोकावरचं पाणी मागितलं, जिभेपुरतं. मी ते लहानपणापासून ऐकत आले, पण कळलं वडिलांच्या खाटेपाशी.

मेळघाटात धारणीकडच्या एका घरी मी हे शिकवायला गेले होते. कोरकू भाषेत पाण्याला 'डा' म्हणतात, एवढं मला ठाऊक. म्हातारी तेवढाच शब्द पुटपुटत होती आणि घरचे घाबरून काहीच देत नव्हते. आधी एकदा ठसका लागून ती काळीनिळी पडली होती. सुनेला कापड बुडवून दाखवलं. म्हातारीने ते ओठांत धरलं आणि चोखत राहिली. सून माझ्याकडे न बघता रडत होती.

माझे वडील शेवटचे दोन दिवस बोलले नाहीत. कापड ओठांना लागलं की मात्र तोंड थोडं उघडायचे. माझा भाऊ, जो आजारपणाला घाबरून खोलीत येत नव्हता, ते काम त्याने रात्रभर केलं.

मेळघाटात जाणाऱ्या पुढच्या पेटीसाठी जुनी सुती लुगडी, धोतरं द्यायची असतील तर धुऊन, उन्हात वाळवून द्या. नायलॉन नको. लहान मुलांचे मऊ दातांचे ब्रशही चालतील, पण नवे.