इंग्रजी शिकविणारा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नांवाची मोठी वसाहत आहे. मराठी, गुजराथी, हिंदी, मल्याळी अशा निरनिराळ्या भाषा बोलणारीं कुटुंबें तेथें शेजारीं शेजारीं राहतात. सणवार वेगळे, चालीरीती वेगळ्या. परंतु मुलांस इंग्रजी उत्तम आली पाहिजे, याविषयीं सर्वांचें एकमत असतें. या इच्छेस कोणीं नांवें ठेवूं नयेत. उच्च न्यायालयाचे निकाल, वैद्यकाचे ग्रंथ, मोठ्या कचेऱ्यांतील पत्रव्यवहार हीं सर्व आजही बव्हंशीं इंग्रजींतच आहेत. प्रश्न एवढाच कीं, जी भाषा घरीं कोणी बोलत नाहीं, ती मुलाच्या मुखीं यावी कशी?

श्रोतेहो, हा वाद नवा नाहीं. १८४० सालीं मुंबईंत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें. पुढें त्याचे अध्यक्ष झालेले सर अर्स्किन पेरी यांनीं वरच्या शिक्षणासाठीं इंग्रजीचा आग्रह धरला; उलट, लोकांत ज्ञान पसरावयाचें तर तें त्यांच्याच भाषेंतून पसरलें पाहिजे, अशी बाजू जगन्नाथ शंकरशेट यांनीं मांडली. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. भाषा म्हणून इंग्रजी शिकणें निराळें आणि सर्व ज्ञान इंग्रजींतून घेणें निराळें, हा त्या वादांतला भेद आज पुष्कळ घरीं पुसला गेला आहे.

स्वातंत्र्यानंतर वाद इयत्तेवर आला. जुन्या मुंबई राज्यांत कांहीं काळ इंग्रजी आठवीपासून सुरू होई. पुढें महाराष्ट्रांत ती पांचवीपासून झाली आणि २००० सालीं पहिलीपासून आली. आरंभ सात इयत्ता अलीकडे आला. परंतु पहिलीच्या वर्गांत उभे राहणारे गुरुजी स्वतः ही भाषा कितपत बोलतात, आणि परकी भाषा कशी शिकवावी हें त्यांस कोणीं शिकविलें काय, याची चर्चा त्या मानानें थोडीच झाली. १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजी शिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली ती याच गरजेपोटीं. आज तिचें विद्यापीठ झालें आहे. पण एका संस्थेनें देशांतील सर्व शाळांस पुरे पडावें कसें?

परकी भाषा शिकविणें म्हणजे केवळ शब्दार्थ सांगणें नव्हे. 'मला भूक लागली' या मराठी वाक्यांत कर्तेपण भुकेकडे असतें. इंग्रजींत माणूसच कर्ता होऊन 'आय ॲम हंग्री' म्हणतो. 'मला दोन भाऊ आहेत' याचें 'आय हॅव टू ब्रदर्स' होतें. 'दार उघड' म्हणतांना मराठींत दाराआधीं कांहींच लागत नाहीं. इंग्रजींत 'द' हवा. इंग्रजींत 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे गंजी. मुलें अडखळतात तीं नेमकीं येथें. जो शिक्षक हे खांचखळगे आधीं ओळखतो, त्याच्या हातचें मूल लवकर चालूं लागतें.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचें बळ यांतच होतें. तिनें मराठी व इंग्रजी या दोन भाषांची ठेवण शेजारीं शेजारीं मांडून दाखविली. मात्र केवळ भाषांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्यास वाचतां-लिहितां आलें तरी बोलतांना त्याची जीभ अडे. त्यावर अगदीं उलट उपाय निघाला: वर्गांत मातृभाषेचा शब्दही नको. त्यानें मूल बोलकें होण्याऐवजीं पुष्कळदां मुकें होतें. १९७९ ते १९८४ या काळांत एन्. एस्. प्रभु यांनीं दक्षिणेंतील कांहीं शाळांत निराळाच प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून त्यांनीं मुलांस नकाशे व वेळापत्रकें दिलीं आणि त्यांवरचे प्रश्न सोडवावयास लाविले. मन अर्थांत गुंतलें म्हणजे भाषेची घडण आपोआप अंगवळणीं पडते, असा त्यांचा सिद्धांत होता. वसईच्या मुलास याहून सोपें काय? चर्चगेटला दहाच्या आंत पोहोंचावयाचें तर वसई रोडहून कोणती गाडी धरावी, हा एकच प्रश्न इंग्रजींत सोडवितांना कितीतरी क्रियापदें सहज वापरावीं लागतात.

असा वर्ग चालविणारा शिक्षक सहजासहजीं मिळत नाहीं. भाषा बोलतां येणें वेगळें, शिकवितां येणें वेगळें. परदेशांतील कित्येक संस्था तर इंग्रजी ही जन्मभाषा असणें हीच मोठी पात्रता मानतात. वस्तुतः जो स्वतः ही वाट चालून आला, त्यासच तींतील ठेंचा ठाऊक असतात.

म्हणून आईबापांनीं पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. तासांत अधिक कोण बोलतें, शिक्षक कीं मुलें? चुकलेल्या मुलास हंसतात, कीं चूक कोठून आली तें समजावून देतात? आणि घरच्या भाषेस तेथें आधार मानतात कीं अडगळ? घरीं आईजवळ मन मोकळें करण्यापुरती मराठी नाहीं आणि शाळेंत शंका विचारण्यापुरती इंग्रजी नाहीं, अशा मुलाचें नुकसान शाळेच्या पाटीवरील 'इंग्लिश मीडियम' या शब्दांनीं भरून निघत नाहीं. चांगला शिक्षक शोधावा. आणि तो मिळेपर्यंत व मिळाल्यावरही, रोज रात्रीं अर्धा तास मुलास घरच्या भाषेंत गोष्ट वाचून दाखवावी. एका भाषेंत ज्यास नीट प्रश्न विचारतां येतो, तो दुसऱ्या भाषेंतही विचारावयास शिकतो.