बहिणीची सही
(१९८८ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘स्त्रियांचे हक्क’ या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. एवढा मोठा विषय पाच मिनिटांत आवरणार नाही. तालुका कोर्टात वकिली करताना जो कागद सारखा हातात येतो, त्याच्यापुरतंच बोलते. हक्कसोडपत्र.

वडील गेले की वारसनोंद होते. सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी अशी सगळ्यांची नावं लागतात. मग भावाचा फोन येतो, “ताई, एक दिवस येऊन जा, सही लागतेय.” ताई येते. निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, सही. कागदावर असतं ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. मग घरी जेवण आणि साडीचोळी. दडपण बहुतेकदा कुणी टाकलेलं नसतंच. माहेर तुटेल ही भीती पुरते.

कायद्याचं थोडं सांगते, कंटाळू नका. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आपल्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुली बाहेरच राहिल्या! २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडता येत नाही. आपल्या मुस्लिम मैत्रिणींचा वारसा कायदा वेगळा आहे, पण वाटा त्यांनाही आहेच.

आता मी हे का सांगते? नवरा मारतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी विचारते, “आज रात्री कुठे राहणार?” पुष्कळदा उत्तर येत नाही. सासरच्या घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने दिलाय, पण आदेश मिळेपर्यंतच्या रात्री काढायच्या कुठे? माहेरी ती पाहुणी. एकीने मला सांगितलं, “चार दिवस झाले की वहिनी भांडी जरा जोरात आपटते.” त्या घरात एक खोली तिच्या नावावर असती, तर ती पहिल्या थपडेलाच निघाली असती. ती अकरा वर्षांनी निघाली.

आमचे मित्र म्हणतील, तिच्या लग्नात खर्च केला ना? केला. पण तो मांडवात आणि सासरच्यांच्या मानपानात गेला, तिच्या हातात काय आलं? आणि खर्च तर तुमच्याही लग्नात झाला होता, आम्ही जेवलोय तिथे.

बहिणीने खरोखर मनाने सोडलं, तर माझं काही म्हणणं नाही. फक्त तिला आधी तिचा वाटा किती ते आकड्यात सांगा. गणितात वाटणीची उदाहरणं आपण सगळ्यांनी एकाच बाकावर सोडवलीत.

मैत्रिणींनो, बोलावलं त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, वाचा. फेरफाराची नोटीस आली तर घडी घालून ठेवू नका, हरकतीला पंधराच दिवस असतात. आणि कुणी कागद बरोबर आणला असेल, तर जेवणानंतर मी सातवीच्या वर्गात बसलेली असेन. फी नाही.