नाथसागरावरचे पाहुणे

जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने आपल्या परभणी जिल्ह्याच्या शिवारात येणारं पाणी पैठणच्या नाथसागरातलं. हा जलाशय म्हणजे जायकवाडी पक्षी अभयारण्य, १९८६ साली घोषित झालेलं.

नाथसागर पसरट, उथळ. पाणी ओसरू लागलं की काठचा गाळ उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांची चंगळ होते. त्यातला रोहित तर निवांत उभं राहून पाहावा असा. लांब मान वाकवून तो चोच उलटी पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आतबाहेर खेळवतो आणि चोचीतल्या झालरीत अडकलेले बारीक जीव, शेवाळ खातो. पंखांचा गुलाबी रंग त्याला या खाण्यातूनच मिळतो!

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतात. तलवार बदकं, थापट्याही येतात.

पाहायला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, भल्या पहाटे. दुर्बीण जरूर घ्या, मात्र थव्यापासून लांबच थांबा. पक्षी सारखे उठवले तर त्यांचं चरणं तुटतं, आणि परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्यांना याच दिवसांत अंगावर चढवायची असते.